आधी मेसचं बिल, मग मत!

मागच्या अंकात शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कॉलेजातल्या पोरांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. तर पत्रं आणि मेल मिळून एवढं आलंय की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा नाहीये. निम्मे प्रश्न सावरकरांच्या दहा रुपयांच्या दंडाबद्दल, पाव प्रश्न "आमचे पणजोबा अमक्या पुढाऱ्याच्या वर्गात होते हे खरं का" असे (ते मला कसं कळणार हो, घरच्या थोरामोठ्यांना विचारा), आणि उरलेले मात्र फार छान आहेत. सगळे घेता येणार नाहीत, जमेल तेवढे घेते.

ताई, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. १९०० च्या आसपास मुंबई विद्यापीठाच्या कॅम्पसवर विद्यार्थी किती होते, वातावरण कसं होतं यावरून आमच्या अभ्यासिकेत वाद झाला. तुम्ही सांगा. – एक विद्यार्थी, जळगाव

अरे, वाद कशाला घातलात, कॅम्पसच नव्हता! मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते परीक्षा घ्यायला आणि डिग्र्या द्यायला. शिकवायचं काम कॉलेजांचं. म्हणजे एल्फिन्स्टन, विल्सन, पुण्याचं डेक्कन, फर्ग्युसन, बडोद्याचं कॉलेज, पार तिकडे कराचीचंसुद्धा, सगळी पोरं आपापल्या गावी शिकणार आणि पेपर मात्र मुंबई विद्यापीठाचा. विद्यापीठाचं स्वतःचं असं काय होतं, तर फोर्टातला पदवीदानाचा हॉल, लायब्ररी आणि डोक्यावर राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिले आणि टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, हे तुला पाठ असेलच. विद्यापीठाने स्वतः वर्ग घ्यायचं मनावर घेतलं ते १९१९ च्या सुमाराला, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग काढला तेव्हा, आणि समाजशास्त्र शिकवायला स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस आले. तोपर्यंत "विद्यापीठात शिकतो" असं कुणी म्हणत नसे, "फर्ग्युसनला आहे", "डेक्कनला आहे" असंच म्हणायचे.

परीक्षांची शिडी अशी होती: मॅट्रिक, मग प्रीव्हियस, मग इंटर, मग बी.ए. जुन्या कथांमध्ये "प्रीव्हियसला गचकला" असं येतं ते हे. आणि सगळं इंग्रजीतून बरं का. मराठी हा विषय तर मध्ये बरीच वर्षं विद्यापीठातून हद्दपारच होता, न्यायमूर्ती रानड्यांनी शेवटपर्यंत खटपट केली म्हणून निदान एम.ए.ला त्याला दार उघडलं. म्हणजे मराठी पोरगा घरात, मेसमध्ये, भांडणात मराठी आणि मत लिहून द्यायचं तर इंग्रजी!

परीक्षेसाठी मुंबईची गाडी पकडायची. याचं एक उदाहरण तुला उत्तरपत्रिकेत वापरता येईल. १९१६ साली बडोद्याच्या कॉलेजातला एक विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून सरळ काशीला निघून गेला. त्याआधी घरी चुलीत सर्टिफिकेटं घालून झालीच होती. तो विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा. एकही पत्रक न काढता, एकही सभा न घेता विद्यापीठाबद्दलचं विद्यार्थ्याचं मत इतकं साफ कुणी दिलं नसेल.

आमचे आजेसासरे "वारावर जेवून" वकील झाले असं घरात नेहमी सांगतात. नातू अमेरिकेत असतो, तो विचारतो आजी वॉर म्हणजे कुठल्या लढाईवर? मलाही नीट सांगता येईना. – एक आजी, नाशिक

आजी, नातवाला सांगा लढाईच होती, फक्त पोटाची!

वार म्हणजे सोमवार, मंगळवार मधला वार. खेड्यातून, कोकणातून पोरगा पुण्याला यायचा, जवळ पैसे नाहीत. मग ओळखीपाळखीने सात घरं धरायची, सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या घरी. ज्याचे सातही वार लागले तो नशीबवान. बऱ्याच जणांचे पाचच लागायचे आणि उरलेले दोन दिवस चुरमुरे, केळी, नाहीतर "आज माझा उपास आहे". त्यात त्या घरात सुतक आलं, माणसं लग्नाला गावी गेली की वार बुडाला. पोरगा दारापर्यंत चालत यायचा आणि कुलूप बघून परत. त्याच्याही खालची पायरी माधुकरी. हातात झोळी, सोवळ्यात पाच घरं फिरायचं, "ॐ भवति भिक्षां देहि" म्हणायचं, जे पडेल ते एकत्र. भात, आमटी, भाजी सगळं एकात एक. कितीतरी मोठी माणसं अशी शिकली आणि म्हातारपणी ते अभिमानाने सांगायची, पण तरुणपणी कसं वाटत असेल? ज्यांच्या घरी मंगळवारी जेवायचंय, त्या घरच्या मालकाशी सोमवारी सभेत वाद कसा घालणार? मालक सरकारी नोकर असले तर टिळकांचं नाव काढायची चोरी. मालक टिळकभक्त असले तर गोखल्यांचं काढायची चोरी. सुधारकांच्या सभेला गेलास असं कळलं तर पानावरून उठवतील ही धास्ती वेगळीच. विद्यार्थ्यांची मतं काय होती असं सगळे विचारतात, मी आधी विचारते जेवायला कुठे होता.

जरा बरी परिस्थिती असली की क्लब. क्लब म्हणजे आजच्यासारखा नाही हो, दहा-बारा पोरं मिळून एक आचारी ठेवायची, एकजण सेक्रेटरी, तो हिशेब ठेवणार, महिनाअखेरीला जे येईल ते भागिले माणसं. फर्ग्युसनच्या होस्टेलात असे क्लब असायचे. तुपावरून भांडणं, पाहुणा आणला तर त्याचं पान कुणाच्या खात्यावर यावरून भांडणं. आणि बाई, जेवायला सोवळं नेसून बसायचं, वर इंग्रजी पुस्तकातल्या स्वातंत्र्यावर गप्पा. म्हणजे पोरं जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताची पुस्तकं वाचायची पण पंगत जातीचीच.

आता मुख्य गोष्ट. वार आणि माधुकरी ही सोय होती ती बहुतेक ब्राह्मण पोरांसाठी. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं (आताचं पुणे विद्यार्थी गृह), त्याच्या मागे हीच परवड होती. पण मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार पोराने शहरात येऊन कुणाकडे वार लावायचे? म्हणून कोल्हापुरात शाहू महाराजांनी जे केलं ते मला राखीव जागांच्या १९०२ च्या हुकुमाइतकंच मोठं वाटतं. त्यांनी पोरांच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय केली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, पुढे मुसलमान, लिंगायत, आणि अस्पृश्य मुलांसाठी १९०८ चं मिस क्लार्क होस्टेल. कुणी म्हणेल जातवार बोर्डिंगं काढली म्हणजे जात पक्कीच केली ना. हा आक्षेप मला मान्य आहे आणि नाहीही, कारण उपाशी पोराला आधी ताट लागतं.

पण त्या ताटाबरोबर अटी यायच्याच, त्याचा किस्सा तिथलाच आहे. जैन बोर्डिंगात राहणारा एक शाळकरी मुलगा मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटनाला जाऊन आला. परत आल्यावर त्याला सांगितलं, आंघोळ कर आणि मगच जेवणघरात ये. तो म्हणाला, नाही करणार. आंघोळ केली असती तर विषय संपला असता, कुणी बघायलाही आलं नसतं, पण नाही केली. बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. हाच मुलगा पुढे कर्मवीर भाऊराव पाटील, आणि १९२४ ला त्यांनी साताऱ्यात जे बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, स्वयंपाकही मिळून. आजी, हे नातवाला नक्की सांगा.

मग सरकारी कॉलेजात तरी हा प्रकार नसेल ना? एल्फिन्स्टन सरकारी होतं, तिथे सगळ्यांना प्रवेश होता. – निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

प्रवेश होता, पाणी नव्हतं.

भीमराव आंबेडकर १९०७ ला मॅट्रिक झाले आणि नंतर एल्फिन्स्टनला गेले. सयाजीराव गायकवाडांची महिना पंचवीस रुपये स्कॉलरशिप, ती नसती तर पुढचं सगळंच अवघड होतं. प्रोफेसर म्युलर त्यांना पुस्तकं द्यायचे, कपडेसुद्धा द्यायचे. आणि त्याच कॉलेजच्या आवारात जो हॉटेलवाला होता तो त्यांना चहा सोडाच, पाणीही देत नसे. वर्गात बाकावर बसायला कायद्याने अडवता येत नव्हतं, पण मधल्या सुट्टीत बाकीची पोरं जिथे घोळका करून गप्पा मारतात, राजकारण बोलतात, एकमेकांत कपबशी फिरवतात, तिथेच हा दरवाजा बंद. आणि कॉलेजातलं मत कुठे तयार होतं सांगा बरं? वर्गात थोडंच होतं, ते चहाच्या टेबलावरच होतं.

तुम्ही म्हणाल तेव्हा विद्यार्थी होते म्हणून. १९१८ ला तेच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले प्रोफेसर म्हणून सिडनहॅम कॉलेजात लागले, तरी स्टाफरूममधल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांची हरकत. पोरं मात्र, बाकीच्या कॉलेजांतलीसुद्धा, त्यांची लेक्चरं ऐकायला यायची. म्हणजे पोरांचं मत बदलत होतं आणि माठ तिथेच होता.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की सावरकरांना इंग्रज प्रिन्सिपॉलने कॉलेजमधून हाकललं. दुसऱ्या ग्रुपवर आलंय की असं काही झालंच नाही. खरं काय? – बरेच वाचक

दोन्ही फॉरवर्ड डिलीट करा.

१९०५ चा ऑक्टोबर, दसऱ्याचे दिवस. बंगालची फाळणी जाहीर झालेली, स्वदेशीची हवा. सावरकर तेव्हा फर्ग्युसनच्या होस्टेलात, पोरांचा गट जमवलेला, हाताने लिहिलेलं साप्ताहिक काढायचे. परदेशी कपड्यांचा ढीग गाडीत घालून मिरवणुकीने मुठेपलीकडे नेला आणि पेटवला. टिळक आणि 'काळ' साप्ताहिकाचे संपादक शिवराम महादेव परांजपे दोघांची भाषणं झाली. मग कॉलेजने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि होस्टेलमधून काढलं. होस्टेलमधून, कॉलेजमधून नाही, बी.ए.ची परीक्षा त्यांनी दिली.

आणि प्रिन्सिपॉल इंग्रज अजिबात नव्हते, चांगले मुर्डीचे कोकणस्थ होते! रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. हो, म्हणजे होळीपुढे भाषण करणारे एक परांजपे आणि दंड करणारे दुसरे परांजपे, वाचणाऱ्यांचा गोंधळ होतो तो इथेच. हे रघुनाथराव १८९९ ला केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं होतं. सरकारी नोकरीत बक्कळ पगार मिळाला असता तो सोडून हा माणूस डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य म्हणून महिना पंच्याहत्तर रुपयांवर शिकवायला आला. त्यांना इंग्रजांचा चमचा वगैरे म्हणणाऱ्यांनी तो पगार आधी बघावा. त्यांचं म्हणणं, विद्यार्थ्याने शिकावं, राजकारण नंतर. आणि सोसायटीला सरकारी ग्रँट होती हेही खरं, पोरांनी चौकात होळी केली की वरून पत्र येणार हे त्यांना दिसत होतं. मला त्यांचा निर्णय चुकीचाच वाटतो, पण तो भित्र्या माणसाचा निर्णय वाटत नाही.

टिळकांना मात्र राग अनावर झाला. केसरीत लेख आला, "हे आमचे गुरूच नव्हेत". आणि गंमत बघा, ज्या सोसायटीच्या गुरूंना टिळक हे म्हणतायत ती सोसायटी काढणाऱ्यांत ते स्वतः होते, १८९० ला भांडून बाहेर पडले ते वेगळं. म्हणजे हे सगळं घरातलंच भांडण.

आता दहा रुपये किती हो? आज ऐकायला काहीच नाही वाटत. पण प्रोफेसरचा महिन्याचा पगार पंच्याहत्तर, म्हणजे त्याच्या चार-साडेचार दिवसांची... नाही, चुकले, तीस दिवसांनी भागा, बरोबर चार दिवसांचा पगार. आणि आंबेडकरांची स्कॉलरशिप पंचवीस, तिच्यात दहा म्हणजे बारा दिवसांचं सगळं, जेवण, पुस्तकं, दिव्याचं तेल सगळं. वारावर जेवणाऱ्या पोराला कुणी दहा रुपये दंड केला असता तर तो बोचकं बांधून गावी गेला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. सावरकरांचा कॉलेजचा खर्च त्यांचे सासरे चिपळूणकर, जव्हार संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांनी उचलला होता. पुढच्याच वर्षी टिळकांच्या शिफारशीने श्यामजी कृष्णवर्मांची शिवाजी स्कॉलरशिप मिळून ते लंडनला गेले. याने त्यांची हिंमत कमी होत नाही, कृपया मला त्यावरून पत्रं पाठवू नका. एवढंच म्हणतेय की त्या होळीभोवती उभ्या असलेल्या पोरांत मागे मागे सरकणारी काही असणार, आणि ती सगळी भेकड होती असं आपण धरून चालतो ते बरोबर नाही.

"विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये" हे वाक्य मी तीस वर्षं स्टाफ मीटिंगमध्ये ऐकलं. हे आलं कुठून? – एक शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

बाई, तीस काय, सव्वाशेला आलं. बंगालमध्ये १९०५ लाच कार्लाइल या सरकारी साहेबाचं परिपत्रक निघालं की ज्या शाळा-कॉलेजांची पोरं सभा-निदर्शनांत जातील त्यांची ग्रँट, स्कॉलरशिपा काढून घेऊ. कलकत्त्याच्या पोरांनी लगेच त्याविरुद्ध सोसायटीच काढली, नावच अँटी-सर्क्युलर सोसायटी! मग १९०७ ला रिस्ले या दुसऱ्या सरकारी साहेबाचं परिपत्रक सगळ्या देशासाठी. परिपत्रकांची भाषा शिस्तीची, नजर पैशाच्या पिशवीवर.

आणि ही धमकी पोकळ नव्हती. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, डेक्कन कॉलेजचे, त्यांना मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई स्कॉलरशिप मिळाली आणि ते इंजिनीअरिंगला एडिंबरोला गेले. तिथे भारतातल्या इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केलं, स्कॉलरशिप बंद. परमुलखात, थंडीत, हातात काही नाही. ते पुढे मुळशीच्या सत्याग्रहाने सेनापती बापट झाले, पण प्रत्येक जण थोडाच होतो.

मिशनरी कॉलेजांत आणखी एक प्रकार, बायबलचा तास. विल्सन कॉलेजात तो सक्तीचा होता आणि त्याविरुद्ध पोरांना उठवलं म्हणून श्रीपाद अमृत डांग्यांना (पुढचे कम्युनिस्ट पुढारी) काढलं. १९२० नंतर गांधीजींनी कॉलेजं सोडा म्हटल्यावर बरीच पोरं बाहेर पडली, पुण्यात १९२१ ला टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. त्यातली कितीतरी वर्षभरात गुपचूप परतही आली, कारण घरी विचारायला लागले की राष्ट्रीय पदवीवर नोकरी कोण देणार. यावर हसू नका, माझ्या-तुमच्या घरात पण हेच विचारलं असतं.

तेव्हा मुली कॉलेजात होत्या का? त्यांचं मत कुणी विचारायचं का? – बी.ए. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

होत्या, हातावर मोजण्याइतक्या. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून १८८७ लाच पदवीधर झाली, मुंबई विद्यापीठाची पहिली. वर्गातली मुलं तिच्या तोंडावर दार लावून घ्यायची. पहिली आली तर विलायतेच्या स्कॉलरशिपवर हक्क होता, ती दिली नाही, का तर बाई. नव्या शतकातही फार झपाट्याने काही बदललं नाही.

बदल आला तो वेगळ्याच वाटेने. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे धोंडो केशव कर्वे, तास संपले की सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याला जायचे, माळरानावर एका झोपडीत विधवांचा आश्रम. १९१६ ला त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, सुरुवातीला मुली जेमतेम पाच. कुलपती भांडारकर आणि कुलगुरू कोण माहितीये? आपले दंडवाले रँग्लर परांजपे! माणसं एका खणात बसत नाहीत ती अशी. शिकवायचं मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून. मुंबई विद्यापीठात मराठीला जे मिळत नव्हतं ते हिंगण्याच्या पाच पोरींना मिळालं. सरकारमान्यता मात्र स्वातंत्र्यानंतर. आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, मुलींच्या शिक्षणावर वर्तमानपत्रांत रकाने भरून वाद चालायचे आणि लिहिणारे बहुतेक पुरुष. तू लिही गं, आम्ही छापू.

सोबत आमच्या पणजोबांचा ग्रुप फोटो पाठवतोय, पुण्याचा, खाली १९११ लिहिलंय. मागे मोडीत काहीतरी आहे, घरात सगळे म्हणतात क्रांतिकारकांचा गुप्त मजकूर असेल. वाचून द्याल का? – एक वाचक, सांगली

फोटो सुरेख आहे, आधी त्याबद्दल सांगते. चौदा जण आहेत. मधे खुर्चीवर पगडी, उपरणं, लांब कोट ते प्रोफेसर असणार. खुर्च्यांवरचे बाकीचे सीनियर, मागे उभे आहेत ते ज्युनियर, खाली सतरंजीवर दोघं आडवे पसरलेत कोपर टेकून, असे दोघं तेव्हाच्या प्रत्येक ग्रुप फोटोत असायचेच, फोटोग्राफर सांगायचा वाटतं. पोरांपैकी डोकं उघडं एकाचंही नाही, पगड्या, फेटे, काळ्या टोप्या. दोघांच्या पायात बूट, बाकी पुणेरी जोडे, आणि एकाने पाय मागे लपवलेत, अनवाणी असेल बिचारा. आता अगदी उजव्या टोकाला बघा. उघडा, पंचा नेसलेला, शेंडी, हात पुढे बांधलेले, वयाने सगळ्यांहून मोठा. तुम्ही पत्रात लिहिलंय की हे कुणी संन्यासी, गुरू वगैरे असतील. अहो, तो आचारी आहे! हा होस्टेलातल्या जेवणाच्या क्लबचा फोटो आहे, वर्ष संपताना काढायचे.

म्हणून मागचा मजकूर वाचताना मला फार आश्चर्य वाटलं नाही. मोडी घाईची आहे, शाई एका कोपऱ्यात फुटलीये, पण बऱ्यापैकी लागतं. पहिली ओळ, तूप. दुसरी, तूरडाळ आणि तांदूळ एकत्र. मग सरपण, मग आचाऱ्याचा पगार, मग "पाहुणे पाने तीन", त्यापुढे प्रश्नचिन्हासारखं काहीतरी, म्हणजे ती तीन पानं कुणाच्या खात्यावर यावर शेवटपर्यंत एकमत झालेलं दिसत नाही. खाली नावं, प्रत्येकापुढे आकडा आणि वसूल झालं त्यावर आडवी रेघ. क्रांतीचं काही नाही, माफ करा.

पण एक आहे. तेरा नावांपैकी बारांवर रेघ आहे. एकाच्या पुढे "मागील बाकी" लिहून रक्कम आहे आणि ते नावच वरून गिरवून खोडलंय, नुसती बाकी नाही, नाव. अक्षर तेच, शाई वेगळी. सोडून गेला की काढला, की कुणी त्याचे पैसे भरले, ते एवढ्या स्कॅनवरून कळत नाही. पहिलं अक्षर ग किंवा म वाटतंय आणि तुमचं आडनाव म वरूनच आहे, म्हणून विचारते. फोटो फ्रेममधून काढून दिवसा खिडकीजवळ धरून मागची बाजू परत स्कॅन करा, फ्लॅश नको. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारा, पणजोबांनी कॉलेज पुरं केलं होतं का?